शून्य कार्य

(बी. ए. भाग २)

गेल्या दिवाळीच्या सुटीत गावी गेले होते. संध्याकाळची वेळ होती. नववीत शिकणारा धाकटा भाऊ ओट्यावर बसून विज्ञानाची वही मोठमोठ्याने वाचत होता. कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेले विस्थापन. डोक्यावर ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणारा माणूस त्या ओझ्यावर कार्य करीत नाही, कारण बल वरच्या दिशेने आहे आणि विस्थापन आडवे आहे. म्हणून कार्य शून्य. नेमकी त्याच वेळी आई डोईवर हंडा घेऊन दारात आली. आमच्या वाडीत नळ आहे, पण त्याला पाणी आठवड्यातून दोनदा. एरवी ओढ्याकाठच्या विहिरीवरून खेपा घालाव्या लागतात. मी गमतीने म्हणाले, "आई, पुस्तकात लिहिलंय, तू आत्ता काहीच काम केलं नाहीस." तिने हंडा उतरवला, चुंबळ झटकली आणि म्हणाली, "मग त्या पुस्तकवाल्याला म्हनावं, उद्याच्या चार खेपा तू आन."

आम्ही सगळेच हसलो. विषय तिथेच संपला असता.

पण सुटी संपवून कॉलेजात आले आणि पहिल्याच आठवड्यात राष्ट्रीय उत्पन्नाचा तास झाला. सरांनी पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचे जुने उदाहरण सांगितले. एखाद्या गृहस्थाने पगार देऊन घरकामाला बाई ठेवली तर तिचा पगार राष्ट्रीय उत्पन्नात येतो. उद्या त्याने तिच्याशीच लग्न केले, तर बाई तीच, घर तेच, काम तेच. पण राष्ट्रीय उत्पन्न मात्र तेवढ्याने घटते. वर्ग हसला. मला या खेपेस हसू आले नाही. आठ दिवसांच्या अंतराने दोन शास्त्रांनी माझ्या आईच्या कामाची किंमत सांगितली होती, आणि दोन्हींचे उत्तर एकच होते: शून्य.

हा केवळ योगायोग आहे का, हे मला पाहायचे होते. मी कला शाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाला जायची इच्छा होती. पण विज्ञानाचे कॉलेज तालुक्याच्या गावी, एस. टी. ची वेळ धड नाही आणि शिकवणीचे पैसे कोठून आणायचे? तेव्हा 'आर्ट्सला टाका, पोरीचं काय अडतंय' असा निकाल घरच्या बैठकीत लागला. आमच्या घराण्यात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारी मीच पहिली, त्यामुळे निकालावर अपील कोठे करायचे हेही ठाऊक नव्हते. हे रडगाणे नाही. अर्थशास्त्र मला आता मनापासून आवडते. सांगायचे एवढेच की पुढे जे लिहिते आहे ते भौतिकशास्त्राचे ज्ञान भावाच्या वहीतून, बी. एस्सी. करणाऱ्या एका मैत्रिणीकडून आणि ग्रंथालयातून गोळा केलेले आहे. चुकले तर जाणकारांनी कान धरावा.

मैत्रिणीने पहिल्याच झटक्यात माझा राग अर्धा उतरवला. ती म्हणाली, शून्य आहे ते ओझ्यावर झालेले कार्य. तुझ्या आईच्या शरीरात मात्र स्नायू ताणलेले असतात, हृदय जोराने चालते, अन्नातली ऊर्जा खर्च होते आणि ती उष्णता होऊन निघून जाते. भौतिकशास्त्र ती ऊर्जा नाकारीत नाही, फक्त तिला 'कार्य' हे नाव देत नाही. बरे, मग हे नाव कोणी, कशासाठी दिले? इथून पुढची गोष्ट मला फार रंजक वाटली.

आपली समजूत अशी की भौतिकशास्त्र हे थोरले, नि:स्पृह शास्त्र; आणि अर्थशास्त्र त्याच्याकडून उसनवारी करणारे धाकटे. प्रत्यक्षात 'कार्य' ही कल्पना बाजाराच्या वाटेने भौतिकशास्त्रात आलेली दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कूलोम या फ्रेंच शास्त्रज्ञाने (विद्युतप्रभारांच्या नियमाचा तोच हा कूलोम) माणूस दिवसभरात किती श्रम करू शकतो याची मोजदाद केली. रिकाम्या हाताने जिना चढणारा, ओझे घेऊन चढणारा, असे निरनिराळे कष्टकरी त्याने तपासले. ओझे घेऊन सपाट रस्त्याने चालणाऱ्या हमालांचाही त्याने वेगळा हिशेब मांडला होता. म्हणजे त्या काळी सपाटीवरचा हमाल अजून शून्य झालेला नव्हता! पुढे १८२९ साली कोरिऑलिस याने यंत्रांच्या परिणामांची गणिते मांडणारा ग्रंथ लिहिला आणि बल गुणिले अंतर या राशीला 'श्रम' या अर्थाचाच रोजच्या वापरातला फ्रेंच शब्द पक्का केला. तो आणि त्याच्या आसपासची मंडळी इंजिनिअर होती. पाणी उपसणे, माती उचलणे, धान्य दळणे ही कामे माणसाने, घोड्याने की यंत्राने केली तर स्वस्त पडतील, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यासाठी एकच माप हवे होते, आणि उंच उचललेले वजन हे सर्वांत सोयीचे माप होते.

इंग्लंडात वॉटचेही तेच. खाणीतले पाणी उपसणाऱ्या त्याच्या एंजिनाचा मोबदला जुन्या एंजिनाच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या एक-तृतीयांश असा ठरलेला असे. गिऱ्हाइकाला समजावे म्हणून त्याने 'अश्वशक्ती' हे माप रूढ केले. आजही आपला शेतकरी पाच एच. पी. ची मोटर मागतो, तेव्हा तो वॉटच्या दुकानातलाच शब्द वापरतो. जूल हा मद्य गाळणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. विजेची मोटर वाफेच्या एंजिनापेक्षा स्वस्त पडेल का, हे पाहायला तो जस्ताची आणि कोळशाची तुलना करीत बसला होता. त्या हिशेबात जस्त महाग ठरले, पण त्या वाटेने गेलेल्या या माणसाचे नाव ऊर्जेच्या एककाला लागले. थोडक्यात, मालकाला ज्या कामाचे पैसे मोजायचे होते ते 'कार्य' झाले. सपाट वाटेने पाणी आणणाऱ्या बाईला पैसे द्यायचेच नव्हते. तिच्यासाठी माप करायला कोण बसणार?

मग या कर्जाची परतफेड झाली. १८७० नंतर जेव्हन्स, वालरास प्रभृतींनी अर्थशास्त्राला गणिती रूप देताना यंत्रशास्त्राचा साचा डोळ्यांपुढे ठेवला. आपण परीक्षेत जे समतोल, मागणीची लवचिकता, चलनाचा भ्रमणवेग असे शब्द घोकतो, ते सगळे त्या घरून आले आहेत. यात सर्वांत मोकळेपणाने बोलणारा अमेरिकेतला अर्व्हिंग फिशर. तो गिब्ज या थोर भौतिकशास्त्रज्ञाचा विद्यार्थी. १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात त्याने चक्क दोन रकान्यांचा तक्ताच दिला आहे: तिकडे कण, इकडे व्यक्ती, तिकडे बल, इकडे सीमांत उपयोगिता, तिकडे ऊर्जा, इकडे उपयोगिता. एवढ्यावर न थांबता पाण्याच्या टाक्या, नळ्या आणि तरफा जोडून त्याने बाजाराचा समतोल दाखवणारे यंत्रही बनवले. आमच्या वाडीच्या नळाला पाणी नाही, आणि तिकडे बाजारपेठ पाण्यावर चालवून दाखवीत होते, असे वाटून गेले खरे.

त्याच १८९२ साली इकडे पुण्यात डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्रजी ग्रंथांतले अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व काळी, सर्व देशी सारखेच खरे असतात, ही समजूत रानड्यांना मान्य नव्हती. राजकारणात आणि समाजकारणात देश, काळ, परिस्थिती पाहावी लागते, मग अर्थकारणातच ती का पाहू नये, असा त्यांचा रोख होता. गुरुत्वाकर्षण लंडनला आणि साताऱ्याला सारखेच, पण मजुरी सारखी नव्हे. फिशर आणि रानडे यांना एकमेकांची खबर असेल असे वाटत नाही. मला मात्र ही दोन कामे एकाच वर्षातली आहेत हे कळल्यापासून अर्थशास्त्राचे पुस्तक उघडताना दोघेही शेजारी बसल्यासारखे वाटतात.

आता ज्या प्रकरणासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिकडे वळते. ते आपल्याच जिल्ह्याचे आहे.

भौतिकशास्त्रातले एक एकक अर्थशास्त्राच्या अगदी मर्मस्थानी जाऊन बसले आहे: कॅलरी. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे आहारशास्त्राची एक कॅलरी. ते उष्णतेचे माप. पण भारतात गरीब कोण, हे ठरवायला तेच वापरले गेले. १९७१ साली प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळतील इतका आहार ज्या खर्चाच्या पातळीला परवडतो, ती दारिद्र्याची रेषा. १९६०-६१ च्या किमतींनी ती खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये आली. राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे लावून पाहता खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे त्या रेषेखाली होती. स्वातंत्र्याची तेरा-चौदा वर्षे उलटल्यावरचे हे चित्र! पुढे १९७९ साली नियोजन मंडळाच्या अभ्यासगटाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरी धरल्या. पद्धत तीच राहिली.

दांडेकरांचा जन्म साताऱ्याचा, १९२० चा. त्यांच्या या मापाला ज्यांनी सर्वांत मोठा हादरा दिला ते डॉ. पां. वा. सुखात्मे खटाव तालुक्यातल्या बुधचे, जन्म १९११. सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ; लंडन विद्यापीठाचे डॉक्टर, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला अनेक वर्षे संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. फर्ग्युसनला असताना मुख्य विषय गणित आणि दुय्यम विषय भौतिकशास्त्र. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या पानांवर या दोन सातारकरांचा वाद रंगला. बुध हे गाव माझ्या मावशीच्या गावाकडे जाताना लागते. एस. टी. तून ते कितीदा तरी पाहिले असेल. पण तिथे जन्मलेला माणूस जगातल्या भुकेचा हिशेब करीत होता, हे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ग्रंथालयात कळावे, याला काय म्हणावे?

सुखात्म्यांचे म्हणणे साध्या शब्दांत असे. २,२५० किंवा २,४०० ही सरासरी आहे. धडधाकट माणसांच्या समाजातही साधारण निम्मी माणसे सरासरीच्या खालीच असणार. त्यांना उपाशी कसे म्हणता येईल? शिवाय एकच माणूस आज कमी खातो, उद्या जास्त. त्याचे शरीर ऊर्जेचा वापर काही मर्यादेत आपोआप जुळवून घेते, त्याची कार्यक्षमता स्थिर नसते. तेव्हा रेषा सरासरीवर न आखता, सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून खाली आखावी. तशी आखली की कुपोषितांची संख्या एकदम खाली येते. दांडेकरांचे उत्तर असे की कुपोषण आणि दारिद्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमुक माणूस कमी खाऊनही तग धरतो, म्हणून तो गरीब नाही असे ठरत नाही.

या वादात मी आधी सुखात्म्यांच्या बाजूने होते, हे कबूल करते. सरासरीच्या जुलमाचा मला अनुभव आहे. सरासरी माणूस ही कल्पनाच मुळी ज्योतिर्विदांकडून आली. केटले हा बेल्जियमचा वेधशाळेतला माणूस. ताऱ्यांच्या वेधांतील चुका ज्या नियमाने सरासरीभोवती पसरतात, त्याच नियमाने माणसेही पसरतात असे त्याला दिसले आणि १८३५ साली त्याने 'सामाजिक भौतिकी' या नावाने ग्रंथ लिहिला. ताऱ्याच्या बाबतीत सरासरी म्हणजे खरे स्थान आणि बाकीच्या चुका. माणसांच्या बाबतीत मात्र चूक कोणती? माझी आजी ठेंगणी, काटकुळी. ती चूक होती की काय?

आणि आजीनेच मला दुसऱ्या बाजूला नेले.

१९७२ च्या दुष्काळात आजी वीस वर्षांची होती. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा जो प्रयोग केला होता, त्याचे महत्त्व महाराष्ट्राला या दुष्काळाने पटवले. पुढे १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. आमच्या भागातली हजारो माणसे त्या वर्षी खडी फोडायला, तलावाच्या कामावर गेली. आजी सांगते, मुकादम टेप घेऊन यायचा, खड्डा मोजायचा, खडीचा ढीग मोजायचा आणि त्यावर पगार. म्हणजे भौतिकशास्त्राचा नियमच: किती माती हलली ते दाखवा. दर असे ठरवीत की सरासरी ताकदीच्या माणसाने सात तास काम केले तर किमान वेतन पडावे. आजी सरासरी ताकदीची नव्हती. "जोडीला धाकली जाऊ हुती म्हनून निभलं," ती म्हणते. सुकडी मिळायची, लाल मिलो मिळायचा. त्यावर शरीर जुळवून घेत होते का, असे मी तिला माझ्या भाषेत विचारले. ती म्हणाली, "जुळवून कसलं घेतंय? घरी आलं की भित्तीला टेकून बसायचं. पोर रडलं तरी उठवत न्हवतं."

माझ्या मते सुखात्म्यांच्या सिद्धांताला लागणारा प्रश्न या वाक्यात आहे. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्ट होत नाही, हे तर भावाच्या वहीतही आहे. शरीरात ऊर्जा कमी गेली आणि खड्डा तेवढाच खणला गेला, तर तूट कोठून तरी भरून निघाली पाहिजे. शरीराची कार्यक्षमता थोडी वाढत असेल. ते ठरवायचा माझा अधिकार नाही. पण बाकीची तूट वजनातून, झोपेतून, रडणाऱ्या पोराला न घेण्यातून भरली जाते. माणूस 'जुळवून घेतो' तेव्हा काय काय सोडून देतो, त्याचा रकाना त्या हिशेबात दिसत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. गोपालन यांनीही या सिद्धांताला कडाडून विरोध केला होता. १९८२ च्या सुमारास सेकलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 'लहान पण निरोगी' अशी कल्पना मांडली, तेव्हा तर ठेंगण्या, काटकुळ्या माणसांना काही कमी नाही असेच म्हणण्यापर्यंत मजल गेली. माझी आजी लहान आहे, हे खरे. निरोगी आहे की नाही, ते तिच्या गुडघ्यांना विचारावे.

तरीही सुखात्म्यांना एका वाक्यात निकालात काढणे अन्यायाचे होईल. केवळ अधिक धान्य देऊन भागणार नाही. स्वच्छ पाणी आणि स्वच्छता नसेल तर खाल्लेले अंगी लागत नाही, ही गोष्ट त्यांनी आग्रहाने मांडली. आमच्या वाडीत दर पावसाळ्यात पोरांना जुलाब लागतात, तेव्हा त्यांचे म्हणणे डोळ्यांपुढे येते. शिवाय कॅलरीच्या मापाचे पुढे जे झाले, त्यातून दोघांनाही बरेच शिकता आले असते. (दांडेकर १९९५ साली वारले, सुखात्मे १९९७ साली.) उत्पन्न वाढत गेले तशा कॅलरीही वाढायला हव्या होत्या, पाहण्यांत मात्र उलटेच दिसू लागले. डीटन आणि ड्रेझ यांनी २००९ साली याची चर्चा करताना एक शक्यता अशी सांगितली की अंगमेहनत कमी झाल्याने आणि आरोग्याची परिस्थिती सुधारल्याने गरजच कमी झाली असावी. त्याच वर्षी प्रा. सुरेश तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषेची कॅलरीशी बांधलेली गाठ सोडली. २०१४ च्या रंगराजन समितीने आहाराचे निकष पुन्हा आणले.

अंगमेहनत कमी झाली! हे वाक्य मी दोनदा वाचले. आमच्या गावात जात्याची जागा गिरणीने घेतली, हे खरे आहे. आजीच्या आयुष्यातली पहाट त्यामुळे सुटली. पण कोणाची मेहनत किती कमी झाली, हे पाहायला आधी ती मोजलेली असावी लागते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरातले विनामोबदला काम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे आढळले, पुरुषांचा ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांचीही नऊ! या गतीने समान व्हायला किती वर्षे लागतील हे गणित मी संख्याशास्त्राच्या मित्रांवर सोडते.

शास्त्र माप करू शकत नाही असे मुळीच नाही. टेंभूचेच पाहा. कराड तालुक्यात कृष्णेवर टेंभूला पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने वर चढवीत सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांत न्यायचे, अशी ही १९९६ साली सुरू झालेली योजना. माझे आजोळ आटपाडी तालुक्यात; तिथे पाणी आले तेव्हा मामाने कालव्यात नारळ सोडला होता. आता हिशेब करू. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायचे तर ९ लाख ८० हजार जूल, म्हणजे सुमारे पाव युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. एक टी. एम. सी. पाणी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. ते शंभर मीटर चढवायला सुमारे ७७ लाख युनिटे. पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर एक कोटी दहा लाख. ही वीज कोणाच्या बिलात घालायची, यावर मोर्चे निघाले, थकबाकीपायी पंप बंद राहिले. अखेर २०१० नंतरच्या दशकात ८१ टक्के वीजबिल सरकारने आणि १९ टक्के लाभधारक शेतकऱ्यांनी भरायचे, असे ठरले.

उलट कोयनेचे पाणी. ते बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडते, वीज देते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. एका घनमीटरमागे फार तर १.२९ युनिट. कराडला कोयना कृष्णेला मिळते. म्हणजे एकाच जिल्ह्याचे थोडे पाणी पश्चिमेला पडून वीज करते आणि थोडे पूर्वेला वीज खाऊन चढते. किती पडावे आणि किती चढावे, हे भौतिकशास्त्र सांगत नाही. इथे अर्थशास्त्र लागते, आणि त्याहून जास्त राजकारण. पण निदान प्रत्येक युनिट मोजले जाते. पाणी पंपाने चढले की जूल न् जूल बिलात येतो. तेच पाणी बाईच्या डोक्यावरून आले की दोन्ही शास्त्रे हात वर करतात.

अर्थशास्त्राच्या बाबतीत मला इथे एक दुरुस्ती केली पाहिजे, नाहीतर सर माझा कान धरतील. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय राष्ट्रीय-लेखा पद्धतीप्रमाणे घरासाठी पाणी वाहून आणणे हे उत्पादनात बसते. त्या पाण्याने स्वयंपाक करणे, भांडी घासणे, सासऱ्याला आंघोळ घालणे मात्र बसत नाही. म्हणजे नियमाप्रमाणे हंडा उंबऱ्यापर्यंत उत्पादन आणि उंबऱ्याच्या आत शून्य!

मग करायचे काय? भौतिकशास्त्रातल्या कार्याची व्याख्या बदला, असे मी म्हणत नाही. मैत्रिणीने मला वेड्यात काढले असते. माझे म्हणणे आपल्या कॉलेजपुरते आहे. आपल्याकडे कला आणि विज्ञान यांच्यामध्ये नुसती भिंत नाही, जातीसारखी उतरंड आहे. 'आर्ट्सवाले' हा शब्द कसा उच्चारला जातो ते सर्वांना माहीत आहे. अर्थशास्त्र शिकणाऱ्याला ऊर्जेचा नियम एकदाही सांगितला जात नाही, आणि भौतिकशास्त्र शिकणाऱ्याला ज्या शब्दांनी तो विचार करतो ते कोणत्या खाणीतून, कोणाच्या पगारपत्रकातून आले, हे सांगितले जात नाही. दांडेकर-सुखात्मे वादाचे दोन्ही पक्ष समजायला दोन्ही लागते. तो वाद आमच्या अभ्यासक्रमात दोन ओळींत येतो, आणि हे दोघे आपल्या जिल्ह्यातले होते हे तर कोठेच येत नाही. वर्षातून एक संध्याकाळ दोन्हीकडच्या प्राध्यापकांनी एका वर्गात काढली आणि आम्हांला एखाद्या गावाची पाहणी करायला पाठवले, तर गॅदरिंगच्या मांडवाइतका खर्च खासच येणार नाही.

पाहणीची सुरुवात मी केली आहे. जानेवारीत गावी गेले तेव्हा दुकानदाराकडून वजनकाटा मागून आणला. भरलेला हंडा १७ किलो. विहिरीपासून घरापर्यंतचा चढ आम्ही नळीत पाणी भरून, दोन्ही तोंडांची पातळी बघत, तुकड्या-तुकड्याने मोजला. तो साधारण २० मीटर भरला. गुणाकार भावाने केला: १७ गुणिले ९.८ गुणिले २० म्हणजे ३,३३२ जूल. कॅलरीत मांडले तर एकसुद्धा होत नाही, ०.८. आईचे स्वतःचे वजन ४५ किलो, तेही चढावर न्यावेच लागते. ते धरून जेमतेम तीन कॅलरी. शरीराची कार्यक्षमता फार तर पाव, तेव्हा अन्नाच्या हिशेबाने बारा. त्यानंतरची सपाट वाट धरलेलीच नाही, ती शून्य. रिकामा हंडा घेऊन उतरणे धरलेले नाही. विहिरीवर नंबर लागेपर्यंत उभे राहणे धरलेले नाही.

"बारा म्हंजे किती?" आईने विचारले.

भावाने तिला भाकरीचा एक लहानसा तुकडा मोडून दाखवला. तिने तो त्याच्या हातातून घेतला, तोंडात टाकला आणि दुसऱ्या खेपेला निघाली. आता मला सपाट वाटेचा हिशेब करायचा आहे. तो कसा करावा, हे मैत्रिणीलाही नीट सांगता आलेले नाही. पण कूलोमने तो केला होता, तेव्हा करता येत असणार.